आज्ञावलीतील पाल्हाळ आणि लॅम्डा

सरकारी पत्राचा मसुदा येथे सर्वांच्याच परिचयाचा आहे. मुद्दा एका ओळीचा असतो. वरखाली ठरावीक मजकूर. संगणकाच्या आज्ञावलीतही असा मजकूर असतो. त्यास 'बॉयलरप्लेट' म्हणतात.

वाशी, नेरुळ, बेलापूर या नोडांतील करदात्यांची यादी थकबाकीच्या उतरत्या क्रमाने लावावयाची आहे, असे समजा. जावा भाषेत २०१४ पूर्वी त्यासाठी एक निनावी वर्ग उघडावा लागे, त्यात ठरलेल्या नावाची पद्धत लिहावी लागे, दोन्ही नोंदींचे प्रकार सांगून शेवटी कंस मिटवावे लागत. पाच-सहा ओळींत कामाची ओळ एकच : दोहोंपैकी मोठी थकबाकी कोणाची? मार्च २०१४ मधील जावा ८ या आवृत्तीने लॅम्डा आणली. दोन नोंदींची नावे, पुढे बाण, त्यापुढे तुलना, संपले. उरलेले कंपायलर संदर्भावरून ओळखतो. त्या जागी अपेक्षित असलेल्या इंटरफेसमध्ये भरावयाची पद्धत एकच असते, त्यामुळे संदेहास जागा राहत नाही.

ही युक्ती नवी नव्हे. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कलन मांडले. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ पासून घडविलेल्या लिस्प भाषेत ते चिन्ह उतरले. जावाने मात्र जन्मानंतर जवळजवळ दोन दशके लावली! आपल्याकडे पाणिनीने याच काटकसरीपोटी 'अच्' एवढ्यात सारे स्वर सामावले. आणि मागील सूत्रातील पद पुढील सूत्रात पुन्हा न लिहिता अनुवृत्तीने घेतले.

प्रश्न केवळ टंकलेखनाच्या श्रमाचा नाही. तोच साचा वीस ठिकाणी उतरविला आणि एके ठिकाणी तुलना उलटी पडली, तर सर्वांत कमी थकबाकीदाराच्या नावाने यादी सुरू होईल. आणि साच्यावरून घसरणाऱ्या नजरेस ती चूक दिसणार नाही. महापे वा ऐरोलीच्या संगणक-संकुलांत दुसऱ्याची जुनी आज्ञावली दुरुस्त करणाऱ्यांना हे अधिक पटेल.

तथापि लॅम्डास स्वतःचे नाव नसते. बिघाडाच्या नोंदीत तिच्या जागी यंत्राने ठेवलेले निरर्थक नाव उमटते, त्यावरून हेतू कळत नाही. म्हणून दहा ओळींची लॅम्डा लिहिण्यापेक्षा तेवढ्या भागाची वेगळी पद्धत करून तिला 'थकबाकीनुसार' असे सरळ नाव द्यावे.