हठयोगांतील ‘हठ’

‘हठ’ हा शब्द कानीं पडतांच खिळ्यांच्या फळीवर निजणारा जोगी डोळ्यांपुढें उभा राहतो. हा लौकिक जत्रांनीं मिळवून दिला. त्यांत शास्त्राकडे दोष नाहीं. पंधराव्या शतकाच्या सुमारास रचलेली स्वात्मारामाची ‘हठप्रदीपिका’ उघडून पाहावी. ही विद्या म्हणजे राजयोगाकडे चढून जाण्याची शिडी, असें ग्रंथकार आरंभींच सांगून टाकतो. आसनें तर त्यानें अवघीं पंधरा वर्णिलीं आहेत. भिंतींवर टांगलेल्या तक्त्यांत याहून कितीतरी अधिक आढळतील!

ग्रंथाचा खरा भर श्वासावर आहे. प्राण चंचल असेतों चित्त ठिकाणावर येत नाहीं, ह्या एका निरीक्षणावर सारी इमारत उभी आहे. त्याचा प्रत्यय घेण्यास गुहेंत जावयास नको. सुईंत दोरा ओवणारी गृहिणी क्षणभर श्वास रोखून धरते, तो कोणी शिकविलें म्हणून नव्हे. मात्र सिंह किंवा हत्ती जसा हळूहळू माणसाळवावा, तसाच प्राणहि वश करावा, नाहींतर तो साधकाचाच घात करील, अशी ताकीद ग्रंथकारानें दिली आहे. धौति, बस्ति आदि षट्कर्मेंहि त्यानें सर्वांवर लादलेलीं नाहींत. मेद व कफ अधिक असलेल्यांनींच तीं आधीं करावीं, असें त्याचें म्हणणें.

ह्या क्रिया प्रयोगशाळेंत तपासण्याचें काम महाराष्ट्रांत झालें. माधवदासजींचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक सुरू केलें. नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून खालीं उतरतो, हें त्यांनीं मोजून दाखविलें. बस्तींत पाणी आपोआप वर कां ओढलें जातें, ह्याचा उलगडा त्यांतून झाला. चमत्कार उरला नाहीं, पण क्रियेचें मोलहि उणें झालें नाहीं.

श्वास कोंडल्यानें रक्तांत प्राणवायूचा सांठा वाढतो, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि आढळते. ऑक्सिजनास ‘प्राणवायु’ हें नांव पडल्यानें तिला बळकटीच आली असावी. वस्तुतः निरोगी मनुष्य स्वस्थ बसला असतांहि त्याच्या धमन्यांतील रक्त त्या वायूनें जवळजवळ पूर्ण भरलेलें असतें. लाभ आहे तो निराळ्या ठिकाणीं. उच्छ्वास चालू असतां हृदयाची गति किंचित् मंदावते. म्हणून लांबविलेला, संथ रेचक नाडीस शांत करतो.

पूरक, कुंभक व रेचक यांचें १:४:२ हें प्रमाण पुस्तकांत वाचून घड्याळ समोर ठेवणारे उत्साही गृहस्थ येथेंच फसतात. नवशिक्यानें कुंभक बाजूस ठेवून केवळ पूरकाच्या दुप्पट रेचक करावा. रक्तदाबाच्या व हृद्रोगाच्या रोग्यानें तर वैद्यास विचारल्यावांचून श्वास कोंडूंच नये. पुढेंहि घड्याळाहून चांगली कसोटी साधकाच्या नाकापाशींच असते. कुंभकानंतर श्वास सावकाश सोडवत नसेल, धापेसरशीं बाहेर पडत असेल, तर कुंभक फाजील झाला, असें समजावें.