माहितीचा शेजारधर्म



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेत सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, हा मी माझा बहुमान समजतो. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास आणि संगीत यांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. मी संगणकाच्या क्षेत्रातला एक कारागीर. तीस वर्षे माहितीची कोठारे, म्हणजे डेटाबेस, सांभाळणे एवढाच माझा अधिकार. निमंत्रण आले तेव्हा मी संकोचलो. परंतु माझ्या धंद्यातील एका प्रश्नाचा उलगडा मला सरांच्या घरात, वयाच्या बाराव्या वर्षीच झाला होता, हे आठवले आणि धीर आला.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सरांचा वाडा आठवत असेल. मालक एक, भाडेकरू दोन. मधल्या भिंतीत एक दार होते आणि त्या दाराला दोन्ही बाजूंनी कडी होती. सकाळी नळाला पाणी येई ते शेजारच्या काकूंच्या बाजूस. पाण्याच्या वेळी सर आपली कडी काढीत, काकू आपली काढीत, आणि मग दार उघडे. एकाने काढली व दुसऱ्याने नाही, तर दार बंदच. शिकवणीला आलेला मी एकदा त्या उघड्या दारातून शिरलो आणि काकूंच्या फडताळातली चिक्की उचलली. सर रागावले नाहीत. त्यांनी मला रस्त्याने वळसा घालून, पुढच्या दाराने काकूंकडे पाठवले आणि कबुली द्यायला लावली. परत आल्यावर एवढेच म्हणाले, "दार पाण्यासाठी उघडलं होतं रे, फडताळासाठी नव्हे."

आता विषयाकडे वळतो. पूर्वी प्रत्येक संस्थेचा संगणक तिच्या स्वतःच्या खोलीत असे. आज बहुतेकांची माहिती 'क्लाउड'वर असते. हा ढग आकाशात नाही. तो म्हणजे मोठमोठ्या इमारतींत रचलेली यंत्रे, जी एक कंपनी हजारो ग्राहकांना भाड्याने देते. या ग्राहकाला त्या व्यवसायात 'टेनंट' म्हणतात. आपल्या भाषेत सरळ भाडेकरू. दोन भाडेकरूंची माहिती एकाच इमारतीत, कदाचित एकाच यंत्रावरही असू शकते. तरीही एकाला दुसऱ्याचे काही दिसत नाही. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने २००९ साली प्रत्येक ग्राहकास स्वतःचे बंदिस्त खाजगी नेटवर्क देण्यास आरंभ केला, तेव्हापासून ही भिंत अधिकच पक्की झाली. भिंत हवीच. परंतु दोन शेजाऱ्यांना एकमेकांचे काम पडले, तर काय करावे?

त्यासाठी पत्त्यांचा हिशेब समजून घ्यावा लागतो. बडोद्याच्या एखाद्या पोळमध्ये राहणाऱ्यास 'बारा नंबरचे घर' एवढे सांगितले की पुरते. पलीकडच्या पोळमध्येही बारा नंबर असतोच, पण दोहोंच्या वेशी निराळ्या असल्यामुळे घोटाळा होत नाही. संगणकांचेही असेच आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते. ते अपुरे पडणार हे ओळखून अभियंत्यांनी १९९६ साली 'आर. एफ. सी. १९१८' या नियमपत्राने पत्त्यांचे तीन पट्टे केवळ खाजगी वापरासाठी राखून ठेवले. '१०' या आकड्याने सुरू होणाऱ्या पट्ट्यात १,६७,७७,२१६ पत्ते, '१७२.१६' ते '१७२.३१' या पट्ट्यात १०,४८,५७६, आणि '१९२.१६८' या पट्ट्यात ६५,५३६. हे पत्ते कोणीही आपल्या कुंपणाच्या आत वापरावेत. जोवर दोन पोळी वेगळ्या आहेत, तोवर ठीक. परंतु मधली भिंत फोडून त्या एक करायच्या ठरल्या आणि दोन्हींत बारा नंबर निघाला, तर टपालवाल्याने पत्र कोठे टाकावे?

या प्रश्नाशी माझी गाठ २०१९ साली पडली. एक धर्मादाय रुग्णालय आणि रक्ततपासणी करणारी एक स्वतंत्र प्रयोगशाळा, या दोघांचे काम माझ्याकडे आले. दोघांची खाती निराळी, दोन्ही ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात. प्रयोगशाळेच्या डेटाबेसमधील अहवाल रुग्णालयाच्या डॉक्टरांना आपल्या पडद्यावर ताबडतोब दिसावेत, एवढीच मागणी. त्यासाठी 'पीअरिंग' नावाची सोय २०१४ सालापासून उपलब्ध होती. दोन खाजगी नेटवर्कांमध्ये, इंटरनेटच्या भर बाजारातून न जाता, आतल्या आत वाट जोडायची. पण नव्या खात्याबरोबर जे आयते नेटवर्क मिळते, त्याचा पत्तापट्टा सर्वांना एकच असतो : '१७२.३१'चा. दोघांनीही तोच वापरला होता. पत्ते एकमेकांवर आले की ही जोडणी होऊच शकत नाही. पट्टा मागाहून बदलताही येत नाही. नवे नेटवर्क उभारून एकाने बिऱ्हाड हलवायचे, हाच उपाय होता.

येथे माझ्या हातून चूक घडली, ती आज मी या व्यासपीठावरून सांगणार आहे. रुग्णालयास घाई होती. मीच प्रयोगशाळेच्या डेटाबेसला सार्वजनिक पत्ता दिला आणि जगातल्या कोणत्याही संगणकास तेथे येऊन दार ठोठावता येईल, असा नियम लिहिला. "चार दिवसांपुरते," असे मी म्हणालो. ते चार दिवस चार महिने चालले. एके दिवशी नोंदवही उघडून पाहिली, तर अनोळखी ठिकाणांहून कोणी ना कोणी रात्रंदिवस परवलीचा शब्द ओळखण्याचा प्रयत्न करीत होते. शब्द लांबलचक होता म्हणून कोणी आत शिरले नाही. त्यात माझी हुशारी नव्हती. हजारो रुग्णांची नावे, वये आणि आजार मी रस्त्यावर मांडून ठेवले होते, आणि त्यांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते. त्या रात्री मला फडताळातली चिक्की आठवली.

मग जे पहिल्याच दिवशी करायचे ते केले. रुग्णालयाचे बिऱ्हाड '१०.२०'च्या नव्या पट्ट्यात हलवले. त्यानंतरचे टप्पे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांत सरांचे ते दार पुन्हा पुन्हा दिसते.

पहिला टप्पा मागणीचा. रुग्णालयाच्या खात्यातून प्रयोगशाळेच्या खात्याकडे जोडणीची विनंती जाते. दुसऱ्या बाजूने ती स्वीकारल्याविना काहीही होत नाही. सात दिवसांत उत्तर आले नाही, तर विनंती आपोआप रद्द होते. म्हणजे मौन ही येथे संमती नव्हे. ओरॅकल कंपनीच्या क्लाउडमध्ये हाच विचार शब्दांत लिहून घेतात. मागणारे खाते आपल्या माणसांना पलीकडे जोडणी करण्यास 'एंडॉर्स' करते, आणि देणारे खाते त्याच माणसांना 'ॲडमिट' करते. दोन्ही वाक्ये लिहिली गेली तरच वाट जुळते. दोन्ही बाजूंची कडी ती हीच.

दुसरा टप्पा मार्गदर्शक तक्त्यांचा, ज्यांना 'रूट टेबल' म्हणतात. पलीकडच्या पत्त्यांकडे कोणत्या वाटेने जायचे, हे दोन्ही बाजूंना लिहावे लागते. एकाच बाजूस लिहिले, तर प्रश्न पोहोचतो, पण उत्तराला परतीची वाट सापडत नाही. तिसरा टप्पा पहाऱ्याचा. वाट झाली म्हणून सर्वांना प्रवेश नाही. रुग्णालयाच्या केवळ दोन संगणकांना, तेही डेटाबेसच्या एकाच प्रवेशद्वारास, म्हणजे ५४३२ क्रमांकाच्या पोर्टला, मुभा दिली. चौथा टप्पा फडताळाचा. आत आलेल्याने काय पाहावे? त्यांना केवळ त्या रुग्णालयाच्या रुग्णांचे अहवाल वाचता यावेत, लिहिता किंवा पुसता येऊ नयेत, असे अधिकार ठरवले.

सर्व सिद्ध झाले असे समजून एका रात्री साडेदहा वाजता मी सार्वजनिक दार लावून घेतले. आणि अहवाल थांबले! कारण शोधता शोधता ध्यानात आले की रुग्णालयाचा संगणक डेटाबेसला नावाने हाक मारीत होता, आणि त्या नावाचा पत्ता विचारल्यावर त्यास अजून जुना सार्वजनिक पत्ताच मिळत होता. आतली वाट बांधून तयार, आणि प्रवासी मात्र बाजारातून फिरून बंद दारापाशी उभा! शेजाऱ्याने नाव विचारले तर त्याला आतला पत्ता सांगावा, यासाठीही प्रयोगशाळेच्या बाजूने एक निराळी संमती द्यावी लागते. ती मी विसरलो होतो. ती दिली, आणि पावणेबारा वाजता अहवाल पुन्हा दिसू लागले. त्या सव्वा तासात अतिदक्षता विभागातील एका परिचारिकेने एका रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियमचा आकडा फोनवरून विचारून वहीत उतरवून घेतला, आणि खात्रीसाठी उलट वाचून दाखवला. यंत्र अडले तेव्हा काम तिच्या दक्षतेने निभावले. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिची क्षमा मागितली.

काही महिन्यांनी आणखी एक प्रसंग आला. रुग्णालयाची जोडणी विमा-दाव्यांचे काम पाहणाऱ्या एका संस्थेशीही झाली होती. सूचना आली, "ते आमच्याशी जोडलेले आहेत, आम्ही प्रयोगशाळेशी, मग त्यांना सरळ तेथवर जाऊ द्या." या वाटेचा एक गुण असा की ती पुढे सरकत नाही. 'अ' चा शेजारी 'ब' आणि 'ब' चा शेजारी 'क', म्हणून 'अ' ला 'क' च्या घरात जाता येत नाही. ज्याला जायचे त्याने स्वतः मागावे, आणि ज्याचे घर त्याने स्वतः हो म्हणावे. मधल्याने आपल्या हाताने माहिती पलीकडे नेऊन दिली, तर यंत्र त्यास अडवू शकणार नाही, पण मग ती जबाबदारी त्याची. मी तसे लेखी कळवले. प्रयोगशाळेने विचार करून नकार दिला, आणि तो नकार सर्वांनी मानला. जेथे एखादी सेवाच तेवढी पुरवायची असते, तेथे 'प्रायव्हेट लिंक' ही २०१७ साली आलेली सोय अधिक बरी. दोन घरे जोडायची नाहीत, फक्त एक खिडकी ठेवायची. तेथे दोघांचे पत्ते सारखे असले तरी अडत नाही.

मित्रहो, २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती कोणत्या कामासाठी घेतली हे सांगा आणि तेवढ्यापुरतीच वापरा, हा त्याचा गाभा. परंतु ज्या चार महिन्यांची हकिकत मी सांगितली, त्या काळात कायद्याचा रक्षक माझ्याजवळ उभा नव्हता. कळ माझ्या हाताखाली होती. ज्याच्या हाताखाली कळ असते, त्याने कोणाची माहिती कोणासाठी उघडतो आहोत हे स्वतःलाच विचारले पाहिजे, आणि घाई असेल तेव्हा तर दोनदा.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण उद्या माझ्याच धंद्यात येतील. यंत्रांची नावे तोवर बदललेली असतील, त्यांची चिंता करू नका. दोन खाती जोडताना चार गोष्टी तेवढ्या पाहा : दोघांनीही हो म्हटले आहे काय, जाण्याची तशी येण्याची वाट आहे काय, दार कोणत्या कामासाठी उघडले आहे, आणि 'चार दिवसांपुरते' उघडलेले दार लावण्याची तारीख वहीत लिहिली आहे काय. चौथी गोष्ट मी शिकलो ती फार उशिरा.

सरांचा वाडा आता राहिला नाही. काकूही गेल्या. त्या दिवशी कबुली द्यायला गेलो तेव्हा काकूंनी मला चिक्कीचा आणखी एक तुकडा दिला होता, पण तो पुढच्या दाराने आल्यावर. ज्यांनी मला त्या दाराने पाठवले, त्या माझ्या गुरूंच्या स्मृतीस वंदन करून मी माझे भाषण संपवतो.