उतार, पकड आणि चार चाकांचे चार ब्रेक
(शारजा औद्योगिक क्षेत्रातील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हिवाळा लागला की आपल्या इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपचं काम बदलतं. उन्हाळाभर एसी आणि रेडिएटर. नोव्हेंबरपासून गाड्या येतात त्या मलैहाच्या, अल बदायरच्या वाळूतून, नाहीतर हजर पर्वतातल्या वाद्यांमधून, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या डोंगरी ओढ्यांमधून. चाकाच्या आत वाळलेला गाळ आणि पोटाखालच्या पत्र्यावर दगडाचे ओरखडे असतात. मी ब्रेकचं काम करतो, त्यामुळे गाडीमालक मला एक प्रश्न हमखास विचारतात: “हिल डिसेंट कंट्रोल आहे ना गाडीत, मग उताराला कशाला भ्यायचं?” आज त्यावरच बोलतो. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. ही यंत्रणा उतारावर गाडीचा वेग सांभाळते. जमिनीत नसलेली पकड ती आणू शकत नाही. ती पकड ओळखण्याचं काम चालकाचंच राहतं, आणि ते उताराच्या माथ्यावर, गाडी थांबवून करायचं असतं.

ही यंत्रणा एका अडचणीतून जन्मली. 1997 साली लँड रोव्हरने फ्रीलँडर बाजारात आणली. कंपनीच्या डोंगरी गाड्यांना असायचा तो लो-रेंज गिअर या हलक्या गाडीला नव्हता. लो-रेंज नाही म्हणजे उतारावर इंजिन गाडीला पुरेसं धरून ठेवणार नाही. मग इंजिनाने करायचं काम ब्रेककडून करून घ्यायचं ठरलं. ब्रेकचं तंत्र तयारच होतं. बॉशचं एबीएस 1978 पासून मर्सिडीजमध्ये होतं. एबीएस चाक अडकू नये म्हणून ब्रेक सोडतं. इथे त्याच पंपाने आणि त्याच व्हॉल्व्हनी, पायाने पेडल न दाबताही, ब्रेक लावायचा होता. फ्रीलँडर पहिल्या गिअरमध्ये ताशी सुमारे 9 किलोमीटरने उतरायची.

प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. ठरलेल्या वेगापेक्षा गाडी जोरात जाऊ लागली की पंप दाब तयार करतो आणि व्हॉल्व्ह तो दाब एकेका चाकाला हवा तेवढाच देतात. खालून येणारा कटकट आवाज आणि पेडलमधली थरथर या यंत्रणेचीच. पहिल्यांदा ऐकणारा माणूस घाबरून ब्रेकवर पाय देतो. बिघाड झालेला नसतो. पाय बाजूला ठेवा आणि हात स्टिअरिंगवर असू द्या.

आपला पाय कितीही कसलेला असला तरी पेडल एकच आहे, आणि त्याचा दाब चारही चाकांना जातो. उतारावर वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात. त्यात एखादं चाक शेवाळलेल्या दगडावर असतं, दुसरं कोरड्या खडीवर. पायाने दाबलेल्या ब्रेकने शेवाळावरचं चाक अडकू शकतं आणि अडकलेलं चाक नुसतं घसरतं. पुढची चाकं अडकली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, मागची अडकली तर शेपूट बाजूला येतं. ही यंत्रणा शेवाळावरच्या चाकाचा ब्रेक सैल करते आणि खडीवरच्या चाकाकडून जास्त काम घेते. माणसाच्या पायाला हे जमणार नाही. म्हणून दगडी, ओल्या, वेड्यावाकड्या उतारावर ती जरूर वापरा. तिला कमीपणा मानणारे जुने चालक मला भेटतात. त्यांच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, या एका बाबतीत त्यांचं चुकतं.

पण हे काम फुकट होत नाही. अडीच टनांची गाडी 25 अंशांच्या उतारावरून ताशी 9 किलोमीटरने उतरते तेव्हा निघणारी शक्ती सुमारे 26 किलोवॅट भरते. घरातले दोन किलोवॅटचे तेरा गीझर एकदम चालू करावेत, तेवढी. ती सगळी ब्रेकवर टाकली तर डिस्क तापतात आणि लांब उतारावर यंत्रणा दिवा लुकलुकवून माघार घेते. म्हणून गिअर आधी खालचा घाला, लो-रेंज असेल तर तोही घाला. बराच भार इंजिन घेईल, उरलेला ब्रेक. घाटात ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, ही आपल्याकडच्या ड्रायव्हरांची शिकवण इथेही तशीच लागू आहे. न्यूट्रल करायचं नाही आणि मॅन्युअल गाडीत क्लच दाबायचा नाही.

आता पकडीचा हिशेब. उताराचा कोन 20 अंश असेल तर गाडी धरून ठेवायला टायर आणि जमीन यांच्यात किमान 0.36 इतका घर्षणांक हवा; 30 अंशांना 0.58. कोरड्या घट्ट खडकावर तो सहज मिळतो. ओल्या चिकणमातीवर तो 0.3 च्याही खाली जाऊ शकतो. तिथे वीस अंशांचा उतारसुद्धा कुठल्याही ब्रेकने थांबवता येत नाही, मग ब्रेक पायाने लावा की कॉम्प्युटरने. कोकणातली पावसातली लाल माती किंवा सह्याद्रीतल्या पायवाटेवरचा शेवाळलेला कातळ ज्यांनी तुडवला आहे, त्यांना हे पायांनीच कळलेलं असतं. भारतात 2020 च्या नव्या थार गाडीत आणि 2023 च्या जिम्नीमध्ये ही यंत्रणा आली आणि पावसाळ्यात गड-घाटांकडे निघणाऱ्या तरुणांच्या हाती पडली. त्यांना माझं एकच सांगणं असतं: खाली उतरा आणि त्या उतारावरून आधी चालत जाऊन या. जिथे तुमचा बूट टिकत नाही तिथे टायरची परीक्षा घेऊ नका.

वाळूचा न्याय वेगळा, आणि इथे राहणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यावा. टेकाडाची पडती बाजू साधारण 32 ते 34 अंशांची असते, कारण कोरडी वाळू त्याहून तिरकी उभी राहतच नाही. दिसायला हा उतार वादीतल्या कुठल्याही उतारापेक्षा भयंकर, पण चाक वाळूत रुततं आणि वाळूच गाडी धरते. तिथे यंत्रणेने ब्रेक लावला तर पुढची चाकं वाळू पुढे ढकलत तिचा ढीग करतात, नाक रुततं, मागचं अंग उचलतं आणि गाडी आडवी व्हायला लागते. म्हणून वाळूत ती बंद ठेवायची. खालचा गिअर, तोंड सरळ उताराच्या दिशेला आणि शेपूट सरकू लागलंच तर स्टिअरिंग उताराकडे करून थोडा ॲक्सिलरेटर. घाबरलेला पाय नेमका उलट करतो, म्हणून हे लहान टेकाडावर पुन्हा पुन्हा करून अंगी बाणवावं लागतं. टायरमधली हवासुद्धा लक्षात ठेवा. वाळूसाठी पंधरा पीएसआयपर्यंत उतरवलेली हवा तशीच ठेवून दगडात शिरलात तर टायरच्या कडा चिरतात.

सर्वांत धोक्याची वेळ मात्र चढावर येते. गाडी अर्ध्यावर थकते, चाकं जागेवर फिरू लागतात आणि चालक तिथेच वळवून खाली यायचं ठरवतो. आडवी झालेली गाडी कोलमडायला एक दगड पुरतो. अशा वेळी ब्रेक दाबून थांबा, रिव्हर्स घाला आणि ज्या चाकोरीने वर आलात तिनेच सरळ मागे उतरा. बहुतेक गाड्यांत हिल डिसेंट कंट्रोल रिव्हर्समध्येही चालतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मागे बघत, हळूहळू, ब्रेकवर न नाचता उतरता येतं. माझ्या मते या यंत्रणेचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. 16 एप्रिल 2024 चा पाऊस आपण सर्वांनी पाहिला. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पडला. 1949 पासूनच्या नोंदींमध्ये इतका कधी नव्हता. डोंगरात पडलेलं पाणी वादीतून खाली येताना वेळ देत नाही. पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर 2000 दिरहॅम दंड, परवान्यावर 23 ब्लॅक पॉइंट आणि 60 दिवस गाडी जप्त, असा नियम 2023 मध्ये झाला. तो अगदी रास्त होता. पूर ओसरल्यावर मात्र लोक लगेच निघतात, आणि तेव्हाच ओल्या गाळाचा पातळ थर दगडांवर बसलेला असतो. वरून वाळलेला दिसतो, टायर पडला की निसटतो. दोन-चार दिवस ऊन खाऊ द्या.

शेवटी माझ्या बाकावरचं. एबीएसचा दिवा लागलेला असेल तर हिल डिसेंट कंट्रोल चालणार नाही, कारण सेन्सर दोघांचे एकच. गाळ सेन्सरपाशी साचतो, दगड वायर तोडतो. वादीतून आल्यावर चाकांच्या आतून पाणी मारून घ्या. चारही टायर एकाच मापाचे ठेवा. एकच चाक वेगळ्या मापाचं असेल तर कॉम्प्युटरला ते सतत घसरतंय असं वाटतं. आपल्या जुन्या पार्टच्या बाजारातून एबीएस युनिट घेणार असाल तर रंगरूप जुळतं म्हणून घेऊ नका. पार्ट नंबर जुळवा आणि गाडीला कोडिंग करून देणारा माणूस आधी शोधा. आणि डोंगरात जाण्याआधी एखाद्या ओळखीच्या, छोट्या कच्च्या उतारावर यंत्रणेचं बटण दाबून पाहा. गाडी आपणहून हळू झाली, कटकट ऐकू आली, ब्रेकचे लाल दिवे लागलेले मागच्या माणसाने सांगितले, की मग शौकाला निघा.