फटफटीचा आवाज आणि तिची शक्ति

मराठी बोलींत मोटारसायकलीला ‘फटफटी’ हें नांव पडलें तें तिच्या आवाजावरून. त्यामुळेंच कीं काय, जितका आवाज मोठा तितकी शक्ति अधिक, असा समज तरुण मंडळींत दृढ झालेला दिसतो. या समजापायीं सायलेन्सरच्या आंतील पडदे काढून टाकले जातात, किंवा मूळ नळीच्या जागीं आखूड व मोकळी नळी बसविली जाते. मग मध्यरात्रीं सारी गल्ली जागी होते. पण शक्ति खरोखर वाढते काय?

या प्रश्नाचें उत्तर पूर्व जर्मनींतील चोपाऊ येथें सांपडतें. तेथील एम्‌झेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन हे शर्यतीचीं टू-स्ट्रोक इंजिनें तयार करीत असत. अशा इंजिनांत जळलेला वायु बाहेर जाणें आणि ताजें मिश्रण आंत येणें, हीं दोन्ही कामें जवळजवळ एकाच वेळीं होतात. साहजिकच धुराबरोबर कांहीं ताजें इंधनहि निसटून जातें. यावरील उपाय धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या आकारांतच होता. ती नळी आधीं रुंद होत जाते व पुढें पुन्हां अरुंद होते. सिलिंडरांतून धूर सुटतांच दाबाची एक लहर नळींतून धांवते. नळी रुंद होते तेथून ती ओढीच्या रूपानें परतते आणि उरलासुरला धूर खेंचून घेते. नळी अरुंद होते तेथून ती पुन्हां दाब होऊन परतते व निसटूं पाहणारें इंधन सिलिंडरांत मागें लोटते.

मात्र ही लहर नेमक्या क्षणीं परतली पाहिजे. मिनिटाला १०,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा एका सेकंदाच्या अवघ्या ६ सहस्रांशांत पुरा होतो. नळीची लांबी थोडी चुकली तरी संधि हुकते. फुगीर नळीची कल्पना काडेन यांच्या आधींची. परंतु त्यांनीं ऑसिलोस्कोपवर या लहरींचा अभ्यास करून तिला नेमकेपणा आणला. १९६१ सालीं त्यांच्या १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनानें सुमारें २५ अश्वशक्ति दिली. त्याच वर्षीं त्यांचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं पश्चिमेकडे पळून गेला, आणि हें ज्ञान जपानच्या सुझुकी कंपनीच्या हातीं पडलें. १९६२ सालीं डेगनरनें सुझुकीच्या ५० घनसेंटिमीटरच्या गाडीवर जागतिक अजिंक्यपद मिळविलें.

ज्या नळीचें रहस्य देशाच्या सीमा ओलांडून गेलें, तिचें सारें सामर्थ्य मोजमापांत होतें. तीच नळी गल्लींतल्या कारागिरानें अंदाजानें कापली, तर आवाज वाढतो आणि ओढ घटते. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीचें नळीवर इतकें अवलंबून नसतें. तरी तेथेंहि मोकळ्या नळीमुळें हवा व इंधन यांचें प्रमाण बिघडूं शकतें, आणि पुष्कळदां कमी वेगावरील जोर कमी होतो.

कायद्यानेंहि या बाबतींत मर्यादा घातली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें सायलेन्सर आवश्यक आहे, आणि १७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या मोटारसायकलीला कारखान्यांतून बाहेर पडतांना ८० डेसिबलची मर्यादा पाळावी लागते. ती मर्यादा गॅरेजांत मोडली जाते, तेव्हां तिची किंमत भिंतीपलीकडचा आजारी माणूस आणि नुकतें झोपीं गेलेलें मूल हीं देतात. स्वाराच्या पदरीं मात्र बहुधा वेग पडत नाहीं. पडतो तो वेगाचा भास.