मोजणीच्या वहीत आपलं नाव

(मिरकरवाडा येथे बचत गटाच्या महिलांसमोर केलेलं भाषण)



पहाटेचा लिलाव, मग पाटी, मग घरचं जेवणखाण, एवढं आटपून तुम्ही आलात. म्हणून लांबण लावत नाही. आज एकच विषय, मोजणी.

गटात कर्ज मागायची वेळ आली की आपण काय करतो? वही उघडतो. बचत वहीत नसेल तर "अगं, ती दर महिन्याला भरते, आम्हाला ठाऊक आहे" असं म्हणून चालत नाही. सरकारचंही तसंच आहे. जे वहीत नाही, ते त्यांच्या लेखी नाहीच.

मासळीचं बघा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं किनाऱ्यावरच्या निवडक बंदरांवर ठरावीक दिवशी उभी राहतात. होड्या किती आल्या, कोणती मासळी किती उतरली, ते लिहून घेतात. मासळीची लांबी मोजतात. अशा अभ्यासावरून 2023 साली राज्याने 54 जातींच्या मासळीची कमीत कमी लांबी ठरवली. पापलेट 135 मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचं नाही, असा नियम झाला. कुणीतरी पट्टी लावली म्हणून तो झाला, आणि थेट तुमच्या पाटीपर्यंत पोचला.

पापलेट मोजलं गेलं. ते विकणारी बाई मोजली गेली का?

मच्छीमार कुटुंबांची गणना 2005, 2010 आणि 2016 साली झाली. त्यात घरातल्या बाईच्या कामाचीही नोंद असते. पण माणूस दारात आला तेव्हा तुम्ही बाजारात असाल, आणि घरातलं कुणी म्हणालं, "ती होय, ती घरीच असते", तर तुमची चाळीस वर्षांची पाटी पाण्यात गेली!

आता शहराचं. पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. त्यानुसार शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा तरी व्हायलाच हवं. बसून विकणारी आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी, दोघी त्यात येतात. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्ष मुख्याधिकारी असतात. समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. बाजाराची जागा कुठे, पाणी कुठे, शौचालय कुठे, हे बोलायची जागा तीच.

एक लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या विक्रीचं काम नगर परिषदेकडे, बंदराच्या आवाराचं मत्स्यव्यवसाय खात्याकडे. जानेवारी 2025 मध्ये बंदरातली अनधिकृत बांधकामं पाडली गेली, ते तुम्ही पाहिलंत. त्यात कोण बरोबर, हे मी आज बोलत नाही. पण कुठल्या दारात जायचं आणि हातात काय कागद आहे, हे आधी माहीत हवं.

मग करायचं काय? पुढच्या बैठकीत एक जादा वही काढा. प्रत्येकीचं नाव, कुठे बसते किंवा फिरते, किती वर्षं, किती वाजता, बर्फाला आणि रिक्षेला रोज किती जातात, ते लिहा. खरं तेच लिहा, आकडा फुगवू नका. एक आकडा खोटा निघाला की सगळी वही खोटी ठरते. त्या वहीवरून अर्ज करा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. सर्वेक्षण दुपारी होणार असेल तर सांगा, आम्ही पहाटे असतो, पहाटे या.

गावाकडच्या ताईंनो, तुमच्यासाठी ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे. तिथे "पाण्याचा त्रास आहे" एवढंच म्हणू नका. "आमच्या वाडीतल्या इतक्या घरांना इतके दिवस पाणी नाही" असं म्हणा. त्रास कुणीही ऐकून सोडून देतं. आकडा इतिवृत्तात लिहावा लागतो.

आपल्याला हिशोब नवा नाही. लिलावात उभ्या उभ्या तोंडी हिशोब करणाऱ्या बायका आपण. फक्त तो आता कागदावर उतरवायचा आहे. वही मी आणली आहे. पहिलं नाव कोण सांगतंय?