जमिनीतले बिल्ले आणि वेळेवर भरलेला हप्ता

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



ओळख करून देताना अध्यक्षांनी मला ‘गुप्तधनाचे शोधक’ म्हटलं आणि मागच्या दोन रांगा सावरून बसल्या. (हशा) तेव्हा आधीच सांगतो, हंडा सापडलेला नाही, नागही आडवा आलेला नाही. आपल्याकडे 1878 सालचा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. 10 रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं, की कलेक्टरला कळवायचं. म्हणजे आज कुणी वडापाव पुरून ठेवला तर त्याचीही वर्दी द्यावी लागेल. (हशा) माझं धातुशोधक यंत्र फिरलं ते पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोमध्ये, मुलाकडे गेलो असताना, शेतमालकाची परवानगी घेऊन. सरकारी जमिनीवर नाही. तिथे 1979 च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू विनापरवाना उकरता येत नाहीत. हे वाक्य पहिल्या रांगेतल्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापकांसाठी होतं. ते हसले, आता पुढे जायला हरकत नाही.

तिकडच्या जुन्या जत्रेच्या मैदानात किंवा शाळेच्या पडक्या आवारात यंत्र फिरवलं, की नाण्यांच्या खालोखाल निघतात ते बिल्ले, बटणं, साखळीची पदकं. कशावर तीन कड्या, कशावर नांगर, कशावर कवटी. सापडलं की माणूस पहिलं विचारतो, ‘ही कुठली गुप्त संघटना?’ मग रात्रभर चिन्हांचे अर्थ लावत बसतो. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी आज तीन-चारदा तरी सांगणार. कंटाळा आला तर पंख्याकडे बघा. या वस्तू गुपिताच्या नाहीत, हप्त्याच्या आहेत. ज्याच्या कोटावरून अशी वस्तू पडली तो माणूस वर्गणीदार होता. आजारी पडलो तर आठवड्याला चार पैसे मिळावेत आणि मेलो तर बायकोवर दारोदार हिंडायची पाळी येऊ नये, म्हणून तो सभासद झाला होता.

अमेरिकेतली यादवी, रेल्वेचा पसारा, कारखानदारी, युरोपातून आलेले लोंढे हे सगळं तुमच्या वाचनातलं आहे, त्यात शिरत नाही. एवढंच लक्षात घ्या, की सरकारी सामाजिक सुरक्षेचा कायदा तिकडे 1935 साली आला. त्याआधी मजुराला आधार कुणाचा? लॉजचा, म्हणजे बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेचा. अल्बर्ट स्टीव्हन्सने 1899 साली या संघटनांचा कोश काढला, त्यात सहाशेहून जास्त संघटना आहेत. एवढी गुपितं कुठल्याच देशाजवळ नसतात! (हशा)

आता वस्तू ओळखायची कशी ते सांगतो. आधी अक्षरं बघा. तीन कड्यांत एफ, एल, टी असेल तर ते ऑड फेलोज. मैत्री, प्रेम, सत्य. 26 एप्रिल 1819 रोजी बाल्टिमोरच्या एका दारूच्या गुत्त्यात थॉमस वाइल्डीने चार जणांना जोडीला घेऊन ती संघटना सुरू केली. तिची आज्ञा चार कलमी: आजाऱ्याला भेटा, पीडिताला मदत करा, मेलेल्याला मूठमाती द्या, अनाथाला शिकवा. यात गुपित कुठे आहे मला दाखवा. एफ, सी, बी आणि शिरस्त्राण दिसलं तर नाइट्स ऑफ पिथियस, 1864, वॉशिंग्टन. ढालीवर जहाजाचा नांगर असेल तर एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन असण्याचा संभव मोठा. त्यांच्याकडे परत येतो, कारण माझी खरी मंडळी तीच.

अक्षरांनंतर क्रमांक. क्रमांक चिन्हापेक्षा मोलाचा! पण तो एकटा घेऊ नका. लॉजचे क्रमांक राज्याराज्यांत वेगळे चालतात. ओहायोतलं 212 आणि पेनसिल्व्हेनियातलं 212 यांचा एकमेकांशी संबंध नाही. राज्य आणि क्रमांक जुळले, की राज्याच्या ग्रँड लॉजचे छापील वार्षिक अहवाल उघडायचे. लॉजचं गाव, पदाधिकारी, कधी कधी त्या वर्षी वारलेले सभासदसुद्धा त्यात सापडतात.

पुढची खूण पाठीमागे. पत्र्यावर सेल्युलॉइड मढवलेलं बटण असेल तर पाठीवर न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होगचं नाव आणि पेटंटचं वर्ष 1896 मिळू शकतं, म्हणजे वस्तू त्याच्या आधीची नाही. आणि वर पिनेची पट्टी, खाली लोंबतं पदक, मधे काहीच नाही असं निघालं, तर मधली रेशमी फीत मातीने खाल्ली असं समजा. बऱ्याच फितींना दोन बाजू असत. मिरवणुकीला रंगीत बाजू, सभासदाच्या अंत्ययात्रेला उलटून काळी. अंत्ययात्रा इतक्या नेमाने निघत, की तिची सोय बिल्ल्यातच शिवलेली! हप्त्याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

कुणीतरी कुजबुजलं, ‘आणि फ्रीमेसन?’ ऐकलं मी. फ्रीमेसन विमा उतरवत नव्हते, कबूल. गरजू बंधूला मदत करत, पण रकमेची हमी नसे. तरी त्यांची तांब्याची ‘मार्क पेनी’ घ्या. कमानीच्या मधल्या दगडाचं चित्र, त्यात वर्तुळात आठ अक्षरं आणि वर्तुळाच्या पोटात रिकामी जागा. पाठीमागे शाखेचं नाव. त्या रिकाम्या जागेत सभासद आपली स्वतःची खूण कोरून घेई आणि ती शाखेच्या वहीत नोंदली जाई. मला मिळालेल्या पेनीवर ऐरण होती. तिथल्या चिटणिसांनी जुनी वही काढली आणि ऐरणीसमोर नाव निघालं, धंदा लोहार. (टाळ्या) टाळ्या मला नकोत, वही जपणाऱ्याला द्या. आपल्या मुंबईत 1843 साली जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, कार्यवाहांनी पुढच्या वर्षी बोलावलं तर.

आता बोकड. (हशा) हसू नका, विषयाला धरून आहे. इलिनॉयमध्ये ग्रीनव्हिल नावाचं गाव आहे. तिथे डीमूलिन बंधूंचा कारखाना. मॉडर्न वुडमेन या संघटनेतल्या एका मित्राने त्यांना गळ घातली, की आमचे दीक्षाविधी फार रटाळ होतात, काहीतरी कर बाबा. त्यांनी चाकांवरचा बोकड केला! नव्या सभासदाचे डोळे बांधायचे, त्याला बोकडावर बसवायचं आणि दिवाणखान्याभर पळवायचं. चाकाचा आस मुद्दाम मध्यापासून सरकवलेला, त्यामुळे बोकड उसळ्या मारतो. शिवाय पार्श्वभागावर मारायची फळी, तिच्यात बंदुकीचं रिकामं काडतूस, बसली की ‘ठो!’ बसल्या की कोसळणाऱ्या खुर्च्या. सगळ्याचा सचित्र कॅटलॉग, किमतींसकट. गावचा वाणी, मास्तर, न्हावी, सगळे एकदा त्या बोकडावरून गेलेले. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाण्याकडे उधारी मागायची म्हणजे... (हशा बराच वेळ) असो, असो.

हा बोकड कशासाठी? मॉडर्न वुडमेन 1883 ची, आयोवातली, आणि काम विम्याचं. सुरुवातीला खाणकामगार, रेल्वेचे लोक, गुत्तेवाले, धंदेवाईक बेसबॉल खेळाडू यांना ते घेतच नव्हते. मरणाची जोखीम मोजणारा असा निवडतो, गुपित सांभाळणारा नाही. आणि आता माझे वर्कमेन. 1868 साली पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलला जॉन अपचर्च या रेल्वेच्या कारागिराने ही संघटना काढली. पुढे तिने नियम केला, की सभासद वारला की बाकीच्या प्रत्येकाने 1 डॉलर द्यायचा. विशीतल्यानेही 1, साठीतल्यानेही 1. पहिली काही वर्षं उत्तम चाललं. मग सभासद म्हातारे झाले, मृत्यू वाढले, डॉलर वारंवार जाऊ लागले, आणि तरुणांना कळलं, की आपण म्हाताऱ्यांचा खर्च उचलतोय. ते बाहेर पडले, राहिलेल्यांवर बोजा आणखी वाढला. असल्या हिशेबाच्या संघटनांना तगायचं तर दरवर्षी नवं तरुण रक्त हवं. तरुणाला विम्याचं कोष्टक दाखवून तो येत नाही. बोकड दाखवला की येतो! म्हणून मी म्हणतो, बोकडसुद्धा हप्त्यासाठीच उसळत होता. (टाळ्या)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे बोकडाने माझी वीस खाल्ली. दोन मुद्दे पळत सांगतो.

पहिला. या बंधुभावाला कुंपण होतं. इम्प्रूव्हड ऑर्डर ऑफ रेड मेन ही गोऱ्यांची संघटना, पोशाख मात्र मूलनिवासींचा, आणि मूलनिवासींनाच प्रवेश नव्हता! काळ्यांना गोऱ्या ऑड फेलोजनी दार उघडलं नाही, तेव्हा पीटर ऑग्डेनने 1843 साली थेट इंग्लंडमधून सनद मिळवली. रिचमंडला काळ्यांच्याच सेंट ल्यूक संघटनेच्या मॅगी वॉकरबाईंनी 1903 साली सभासदांच्या पैशांतून बँक उभी केली. तेव्हा बिल्ल्यावर ऑग्डेनच्या ऑड फेलोजचे ‘ग्रँड युनायटेड’ हे शब्द दिसले तर थांबा, तो वेगळा इतिहास आहे. आणि असा बिल्ला सापडला तर ब्रशने खसाखसा घासू नका. पाण्यात भिजवा. मुलामा उडाला की अक्षरं गेली, अक्षरं गेली की माणूस गेला.

दुसरा मुद्दा आपला. गिरणगावात एका गावच्या चाकरमान्यांच्या खोल्या होत्या, धोबीतलावाला गोव्याच्या दर्यावर्दींचे कूड, म्हणजे गावागावांची वसतिगृहं, होते. वर्गणी होती, आजाऱ्याची सोय होती, मयताचा खर्च होता. बिल्ला नव्हता, बोकड तर नव्हताच. होत्या त्या वह्या. माझं यंत्र पितळ दाखवतं, कागद दाखवत नाही, आणि वाळवीला कुठलंच यंत्र लागत नाही. प्रश्नोत्तरांना वेळ नाही असं अध्यक्ष खुणावतायत, तर मीच तुम्हाला प्रश्न विचारतो आणि बसतो. तुमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची जुनी जमाखर्चाची वही सध्या कुणाच्या घरी आहे? ठाऊक असेल तर बाहेर चहाच्या टेबलापाशी मला नाव सांगा. मी जायला तयार आहे, यंत्र घरी ठेवून.

(टाळ्या)