दाराशी राहिलेले वाक्य

बंगळूरच्या कोरमंगल्यात मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. त्यांतले काही गृहस्थ मधुमेहासाठी माझ्याकडे येतात. साखर, डोळे, पाय, सारे बोलून होते, आणि निघताना, दाराच्या कडीवर हात ठेवून, एखादे जण हळूच म्हणतात, "डॉक्टर, आणखी एक विचारायचे होते."

तो प्रश्न जुनाच आहे. मधुमेहाने पुरुषाची कामशक्ती खालावते, ही नोंद अकराव्या शतकात इब्न सिनाने केलेली आहे. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून असले विषय उघड मांडले, खटलेही सोसले. तरी आमचे सुशिक्षित गृहस्थ दारापाशीच अडखळतात.

ताठरता येते ती रक्ताने. मज्जातंतू निरोप नेतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिन्या सैलावतात आणि रक्त भरते. वर्षानुवर्षे वाढलेली साखर तंतूंना आणि अस्तराला, दोहोंनाही इजा करते. इच्छा शाबूत असते. निरोप पोचत नाही. काहींच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉन कमी पडते, काहींच्या बाबतीत रक्तदाबाचे एखादे औषध आड येते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मॅसॅच्युसेट्समधील पाहणीत चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांत पूर्ण असमर्थता सुमारे १० टक्के आढळली. मधुमेहावर उपचार घेणाऱ्यांत २८ टक्के.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असतात. म्हणून बिघाड पुष्कळदा येथे आधी दिसतो, हृदयात मागाहून. लाजेने हे लपविणारा मनुष्य हृदयाची पूर्वसूचनाच लपवीत असतो.

आणि हाकेच्या अंतरावर सेंट जॉन्ससारखे मोठे रुग्णालय असताना लोक जातात कोठे, तर रस्त्याकडेच्या जडीबुटीवाल्याकडे! १९९८ पासून सिल्डेनाफिलची गोळी उपलब्ध आहे, आणि ती अनेकांना गुण देते. मात्र छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेतली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. म्हणून मित्राच्या खिशातली गोळी नको. साखर आटोक्यात आणणे, तंबाखू सोडणे आणि रोज चालणे यांचाही लाभ होतोच.

दाराशी थबकलेल्या एका गृहस्थांना मी पुन्हा बसविले आणि पुढच्या खेपेस पत्नीलाही आणण्यास सांगितले. महिन्याभराने दोघे आले. बाईंनीच तोंड उघडले. वर्षभर यांचे बोलणे तुटल्यामुळे, आपणच यांना नकोशा झालो, असे त्या समजून बसल्या होत्या.